वर्गाचं ध्येय मोजता येईल असं कसं ठरवायचं? तिसरीच्या वाचनाचं उदाहरण घेऊन, पायरीपायरीने

शाळा विकास आराखडा भरायला घेतला की बहुतेक ठिकाणी तीच वाक्यं थोड्याफार फरकाने उतरतात. ‘यंदा विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढवणे’, ‘वाचन-लेखनावर विशेष भर देणे’, ‘१०० टक्के मुले प्रगत करणे’. एप्रिल आला की यातलं किती झालं हे कुणालाच सांगता येत नाही, कारण जूनमध्ये मुलं नेमकी कुठे होती हे कुठे लिहिलेलंच नसतं. काही शाळा एक पाऊल पुढे जाऊन टक्केवारी घालतात. तेवढ्यानेही काम भागत नाही, आणि का भागत नाही ते तिसऱ्या पायरीवर दिसेल.

हा लेख छोट्या प्राथमिक शाळेतल्या वर्गशिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी आहे. उदाहरणाला तिसरीचा २४ पटाचा एक कल्पित वर्ग आणि मराठी वाचन हे एकच कौशल्य घेतलं आहे. गणितालाही हीच रीत लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

## तयारी: मोजायला बसण्याआधीचा आठवडा

सगळ्यात जास्त घाई इथेच होते, आणि पुढच्या बहुतेक चुकाही इथूनच निघतात.

पट खरा करून घ्या. हजेरीपटावरची नावं आणि प्रत्यक्ष वर्गात बसणारी मुलं यांचा ताळमेळ लावा. महिना-महिना न येणारं मूल यादीतून वगळू नका, त्याच्या नावापुढे खूण करा. बीड, जालना, अहिल्यानगरच्या बऱ्याच गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला निघतात. अशी मुलं कोणती, हे जुलैतच पालकांना विचारून लिहून ठेवा. पुढे तारखा ठरवताना ते लागेल.

मोजण्याचे चार संच तयार करा. नवी पद्धत शोधायची गरज नाही. शिक्षणात काम करणारी ‘प्रथम’ संस्था २००५ पासून मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात जी साधी शिडी वापरते, ती वर्गाला पुरते: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. एवढंच की संच एक नको, चार हवेत. जुलै, सप्टेंबर, दिवाळीच्या आधी आणि एप्रिल अशा चार मोजण्यांना एकेक. चारही आत्ताच, एका बैठकीत करा, म्हणजे काठिण्य सारखं राहील. सप्टेंबरात घाईघाईने केलेला संच नकळत सोपा होतो.

पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका. पुस्तकातले धडे मुलांना ऐकून ऐकून तोंडपाठ असतात. बोट एका ओळीवर आणि तोंडी पुढची ओळ, असं मूल तुम्हीही पाहिलं असेल.

चूक कशाला म्हणायचं ते आधी लिहा. विदर्भातलं किंवा खानदेशातलं मूल ‘पाणी’ वाचताना ‘पानी’ म्हणेल. ती त्याची बोली आहे, वाचनाची चूक नाही. घरी कोरकू, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या उच्चारांचंही तसंच. उलट ‘गावात’ला ‘गाव’ वाचलं तर ती चूक धरायची. अडखळून स्वतःच दुरुस्त केलं तर चूक धरायची नाही. हे चार-पाच नियम एका कागदावर लिहा आणि मोजणारे सगळे तोच कागद समोर ठेवा.

> तपासा: चार संच, नियमांचा कागद, मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि एक साधी वही. एवढं जमल्याशिवाय पहिलं मूल बोलावू नका.

## पायरी १: एकच कौशल्य निवडा

अध्ययन निष्पत्तींची यादी लांबलचक आहे आणि ती ध्येयांची यादी नव्हे. तिसरीअखेर मुलाला काय यायला हवं ते ती सांगते. तुमच्या वर्गातल्या कोणाला, कधीपर्यंत, कुठून कुठे न्यायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. एका वर्गाला एका वेळी दोन ध्येयं भरपूर झाली: एक भाषेचं, एक गणिताचं. सात-आठ ध्येयं लिहिणाऱ्या आराखड्यात त्यातलं एकही रोजच्या तासिकेत दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोणतं निवडायचं? ज्याच्यावाचून बाकीचे विषय अडतात ते. तिसरीत वाचन अडलं की परिसर अभ्यास अडतो आणि गणितातली शाब्दिक उदाहरणंही अडतात. केंद्र सरकारने पायाभूत वाचन आणि संख्याज्ञानासाठी ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाची लक्ष्यं इथे मापाला उपयोगी पडतात. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, दोन्ही अर्थ समजून. संख्याज्ञानात पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९९९९ पर्यंत. ही लक्ष्यं म्हणजे शेवटचं टोक. त्या टोकापर्यंत तुमचा वर्ग किती टप्प्यांत जाईल, ते पुढे ठरवायचं.

## पायरी २: पायाभूत मोजणी एकेका मुलाची करा

वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचे गुण हाताशी असतात, मग पुन्हा मोजणी कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. लेखी पेपरात कमी गुण मिळालेल्या मुलाला प्रश्न वाचता आला नाही की वाचला पण समजला नाही, हे गुणांवरून कळत नाही. शिवाय शेजारच्याच्या पाटीवरून उत्तर उतरतं. वाचन ऐकूनच मोजावं लागतं.

रीत अशी:

१. मूल एकटं बोलवा. व्हरांडा, ऑफिस, झाडाखाली, कुठेही. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं लांब. पुढचं मूल कान देऊन उभं असेल तर त्याला अर्धा परिच्छेद आधीच पाठ होतो.

२. सुरुवात परिच्छेदापासून करा. तीनपर्यंत चुका करत, पण वाक्य वाक्यासारखं वाचलं, तर गोष्टीकडे जा. तुटक तुटक वाचलं किंवा चुका जास्त झाल्या तर शब्दांकडे या.

३. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्द पातळीवर. नाही आले तर अक्षरं द्या. तिथेही पाचपैकी चार. तेही जमलं नाही तर ‘प्रारंभिक’ लिहा.

४. गोष्ट पातळीच्या मुलांचा वेगही मोजा. उतारा ६२ शब्दांचा, वेळ ४८ सेकंद, चुका ५. अचूक शब्द ५७. ५७ भागिले ४८ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ७१ शब्द. त्यानंतर उताऱ्यावर चार तोंडी प्रश्न विचारा, त्यातला एक ‘का’चा असावा.

५. मूल काय चुकलं ते जसंच्या तसं लिहा. नुसती पातळी लिहून पान उलटू नका.

एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. २४ मुलं एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. रोज सहा-सात घेतली तर चार दिवसांत होतात आणि वर्गही चालू राहतो. दोन शिक्षकी शाळेत एकाने दोन्ही वर्ग सांभाळायचे आणि दुसऱ्याने मोजायचं.

मराठीतल्या शब्दमोजणीची एक खुबी लक्षात ठेवा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘बाजारातल्यासारखं’ हाही एकच शब्द आणि ‘घर’ हाही एकच. म्हणून चारही संचांत लांब शब्दांचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. नाहीतर सप्टेंबरात वेग वाढलेला दिसेल आणि प्रत्यक्षात फक्त शब्द आखूड झालेले असतील.

> थांबा: पहिल्या पाच मुलांची मोजणी दोन शिक्षकांनी एकत्र बसून, पण एकमेकांना न दाखवता नोंदवा. पाचांपैकी दोघांच्या पातळीत फरक आला तर नियमांचा कागद पुन्हा वाचा आणि तीच पाच मुलं दुसऱ्या दिवशी परत घ्या.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मदत करणं. शिक्षकाचा स्वभावच तो. मूल अडलं की ओठ हलतात, पहिलं अक्षर सुचवलं जातं, ‘वाच बाळा, काल शिकवलं ना’ म्हटलं जातं. मोजताना गप्प बसायचं. शिकवायला पुढचे दहा महिने आहेतच.

## पायरी ३: सरासरी काढू नका, नावं मांडा

समजा, आपल्या वर्गाची मोजणी अशी आली: प्रारंभिक ३, अक्षर ५, शब्द ७, परिच्छेद ५, गोष्ट ४. एकूण २४.

वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा आणि प्रत्येक रकान्यात नावं लिहा. संख्या नुसती खाली बेरजेला.

आता टक्केवारीचा घोटाळा बघा. परिच्छेद आणि गोष्ट मिळून ‘वाचता येणारी’ मुलं ९, म्हणजे ३७.५ टक्के. मुख्याध्यापकांनी आराखड्यात लिहिलं: ‘दिवाळीपर्यंत ७५ टक्के मुले वाचू लागतील.’ २४ चे ७५ टक्के म्हणजे १८. अजून ९ मुलं हवीत. ती कोणती? शब्द पातळीवरची ७ आणि अक्षर पातळीवरची त्यातल्या त्यात पुढची २. म्हणजे प्रारंभिक रकान्यातल्या तीन मुलांकडे दिवाळीपर्यंत कुणी ढुंकूनही पाहिलं नाही तरी हे ध्येय शंभर टक्के पूर्ण होतं. आधीच गोष्ट वाचणाऱ्या चौघांना वर्षभर काही नवं दिलं नाही तरीही होतं. यात कुणाची लबाडी नाही. आकडा तसा लिहिला की काम आपोआप काठावरच्या मुलांकडेच वळतं.

शिवाय छोट्या पटात टक्के फसवे असतात. २४ च्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त. ११ पटाच्या वर्गात एक मूल गावी गेलं की ९ टक्के घसरण! तालुक्याला आणि जिल्ह्याला टक्केवारी लागते, ती ते काढतील. वर्गाच्या वहीत माणसं मोजा.

## पायरी ४: चुकांचं कारण शोधा

पातळी सांगते मूल कुठे आहे. ते तिथे का अडलं, हे तुम्ही लिहून ठेवलेल्या चुका सांगतात. एक नमुना घेऊ. उताऱ्यात वाक्य आहे: ‘आजीने परड्यात भोपळ्याचा वेल लावला.’ मुलगी वाचते: ‘आजी परडात भोपळाचा वेल लावला.’ एका दमात, न अडखळता. ऐकणाऱ्याला वाटतं, छान वाचते. पण पाच शब्दांत तीन चुका आहेत. त्यांतल्या दोन एकाच जातीच्या: ‘ड्या’ आणि ‘ळ्या’ ही य जोडलेली अक्षरं ती सोडून देते. तिसरी चूक प्रत्यय गाळण्याची. या मुलीला बाराखडीपासून पुन्हा सुरुवात करून द्यायची गरज नाही. य-जोडाचे शब्द आठवडाभर रोज दहा मिनिटं आणि शब्दाच्या शेवटापर्यंत बोट न्यायची सवय, एवढं तिला पुरेल. अक्षर पातळीवरच्या मुलाचं दुखणं वेगळं असतं. तिथे बहुधा ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत किंवा काना-वेलांटी गळणं सापडतं.

गणितात तर उदाहरण निवडतानाच कारण सापडेल अशी सोय करता येते. ५३ वजा २८ दिलं आणि मुलाने ३५ लिहिलं, तर काय चुकलं ते कळत नाही. त्याने ८ मधून ३ वजा केले असतील, म्हणजे लहान अंक वर की खाली हे न पाहता मोठ्यातून लहान काढला. किंवा दशक सुटा करून १३ मधून ८ नीट काढले असतील आणि दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरला असेल. दोन्ही वाटांनी उत्तर ३५ च येतं. त्याऐवजी ५२ वजा २८ द्या. पहिली चूक करणारा ३६ लिहील, दुसरी करणारा ३४, आणि बरोबर उत्तर २४. एक अंक बदलला आणि वर्गाचे दोन गट वेगळे झाले. पहिल्या गटाला सुट्ट्या काड्या आणि दशकाचे गठ्ठे हातात द्यावे लागतील, दुसऱ्याला फक्त खाडाखोड करून नवा अंक वर लिहायची सवय. संख्यावाचनातही असंच पाहा: ५९, ६९, ७९ मुद्दाम ठेवा, कारण ‘एकोण’वाले अंक चुकतात तेव्हा मुलाची गाडी पुढच्या दशकावर जाते आणि एकोणसाठ ऐकून ते ६९ लिहितं.

कारणं वर्गाबाहेरचीही असतात. फळ्यावरचं दिसत नाही, सोमवारी बाजाराचा दिवस म्हणून घरी ठेवतात, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. नावासमोर तेही लिहा.

## पायरी ५: हातात किती दिवस आहेत ते मोजा

ध्येय किती मोठं ठेवायचं हे उत्साहावर ठरवू नका, तासिकांवर ठरवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. हा झाला वर्षाचा हिशेब. तुमच्या टप्प्याचा हिशेब तुम्हीच करा.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, समजा, कॅलेंडरवर ७५ दिवस दिसतात. त्यातून पोळा, गणपती, दसरा काढा. प्रशिक्षणं, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदा, मतदार यादीचं काम, क्रीडा स्पर्धा, सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे दिवस काढा. ५५ उरले म्हणू. मुलाची उपस्थिती ८० टक्के असेल तर त्याच्या वाट्याला ४४ तासिका येतात. उपस्थिती ६० टक्के असेल तर ३३. दोघांकडून एकाच तारखेला एकाच प्रगतीची अपेक्षा लिहिणं म्हणजे दुसऱ्याला आधीच नापास करणं. अशा मुलासाठी पहिलं ध्येय उपस्थितीचं असतं, आणि ते वाचनाच्या ध्येयाच्या वरच्या ओळीत लिहायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाची तारीख दिवाळी नसून दसऱ्याच्या आधीची. त्याला गावातच ठेवायची सोय होत असेल तर हंगामी वसतिगृहाची व्यवस्था पाहा, नसेल तर जाताना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं) आणि त्याबरोबर सध्याची पातळी लिहिलेली चिठ्ठी द्या. पुढच्या शाळेतल्या शिक्षकाला ‘तिसरी’ यापेक्षा ‘शब्द वाचतो, जोडाक्षरं अडतात’ हे जास्त कामाचं.

## पायरी ६: आता ध्येय लिहा

ध्येयाच्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कोण, कुठून, कुठे, कधीपर्यंत, कशाने आणि कोण मोजणार. एकही गाळली तर नंतर वाद होतो.

असं लिहू नका: ‘अप्रगत विद्यार्थ्यांचे वाचन सुधारणे.’
असंही नको: ‘वाचन कौशल्यात २० टक्के वाढ करणे.’ कशाच्या २० टक्के, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

असं लिहा:

- शब्द पातळीवरची ७ पैकी ६ मुलं (नावं वहीत) १० ऑक्टोबरपर्यंत परिच्छेद पातळीवर येतील. सातव्या मुलाची मोजणी तो गाव सोडण्याआधी, २० सप्टेंबरला.
- अक्षर पातळीवरची पाचही मुलं त्याच तारखेला शब्द पातळीवर असतील.
- प्रारंभिक रकान्यात त्या दिवशी एकही नाव नसेल.
- परिच्छेद पातळीवरच्या ५ पैकी ४ मुलं गोष्ट वाचतील.
- गोष्ट पातळीवरची ४ मुलं न पाहिलेला उतारा मिनिटाला किमान ६० अचूक शब्दांनी वाचून ४ पैकी ३ प्रश्नांची बरोबर उत्तरं देतील.
- मोजणी तिसऱ्या संचाने, एकेकट्याची, चौथीच्या वर्गशिक्षकांकडून.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कोणत्याही वर्गाच्या ध्येयात तळाच्या रकान्याबद्दल एक वाक्य असायलाच हवं, नाहीतर तिसऱ्या पायरीवरचा घोटाळा पुन्हा होतो. आणि शेवटची ओळ शिक्षकांवर अविश्वास म्हणून घालायची नाही. आपल्याच वर्गाचं वाचन ऐकताना कान सैल होतात, तेवढंच.

सात-सात, पाच-पाच असं सगळीकडे पूर्ण का लिहिलं नाही, असं कुणी विचारेल. दहा-अकरा आठवड्यांत एक पायरी चढणं बहुतेक मुलांना जमतं. दोन पायऱ्यांची सक्ती केली की शिक्षक पाठांतराकडे वळतात. जिथे अडचण माहीत आहे तिथे ती वाक्यातच लिहून टाका.

> तपासा: ध्येय शेजारच्या शिक्षकाला वाचून दाखवा आणि विचारा, ‘ऑक्टोबरात हे पूर्ण झालं की नाही, हे तुम्ही मला न विचारता ठरवू शकाल का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर वाक्य पुन्हा लिहा.

## पायरी ७: ध्येयासमोर रोजचं काम बसवा

रोज ४५ मिनिटं, शक्यतो सकाळच्या सत्रात, स्तरनिहाय गटांना. तिसरीची आणि चौथीची शब्द पातळीवरची मुलं एकत्र बसली तरी हरकत नाही. छोट्या शाळेत ती सोयच आहे. प्रत्येक गटासाठी एकच ओळ लिहा: कोण घेणार, काय करणार. प्रारंभिक गटाला शिक्षक स्वतः घेतात, कारण त्याला स्वतःचं स्वतः काही करता येत नाही. गोष्ट पातळीच्या मुलांना पुस्तकपेटी आणि वाचलेल्यावर चार ओळी लिहायचं काम.

बऱ्याच वर्गांत नेमकं उलटं होतं. हुशार मुलांना तळाच्या मुलांचे ‘गटप्रमुख’ करतात आणि शिक्षक मधल्या गटाबरोबर बसतात. गटप्रमुख शब्द सांगून टाकतो, मूल पाठोपाठ म्हणतं आणि दोघांचंही वाचन तिथेच राहतं.

तासिका झाली की वहीत खूण करा. ऑक्टोबरात ध्येय हुकलं तर पहिला प्रश्न हाच असतो: ५५ पैकी तासिका झाल्या किती? ३० च झाल्या असतील तर पद्धतीला दोष देता येत नाही.

## पायरी ८: मध्येच मोजा आणि निर्णय घ्या

सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसरा संच. सगळी रीत पहिल्यासारखीच. नावं नव्या रकान्यांत लिहा आणि कोण हललं, कोण हललं नाही ते पाहा. मग:

निम्म्याहून जास्त गट हलला असेल तर काम तसंच चालू ठेवा. निम्म्याहून कमी हलला असेल तर काम बदला. तारीख आणि ध्येय तेच राहील. एखादंच मूल अडलं असेल तर त्याची उपस्थिती, डोळे आणि कान आधी पाहा. मूल मागच्या रकान्यात गेलेलं दिसलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. ताप असलेलं किंवा रडून आलेलं मूल मोजणीत खाली जातं.

> थांबा: सप्टेंबरात ध्येय खाली आणायचा मोह होतो. फक्त एका कारणासाठी आणा: पायाभूत मोजणी चुकली होती हे सिद्ध झालं तर. बाकी कोणतंही कारण वहीत लिहा, पण आकडा हलवू नका.

## पायरी ९: कुणाला काय सांगायचं

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. त्यांच्यासमोर नावांचं पान ठेवू नका. तळाच्या रकान्यातल्या मुलाचं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होतं. समितीला रकान्यांच्या संख्या सांगा आणि मदत मागा ती नेमकी: सोमवारच्या बाजाराला मुलं घरी राहू नयेत, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जावा.

पालकाला फक्त त्याच्या मुलाबद्दल सांगा, आणि तेही मुलाकडून वाचून दाखवून. ‘जुलैत हे पाच शब्द येत होते, आता हा परिच्छेद येतो.’ आई-वडिलांना स्वतःला वाचता येत नसलं तरी हे कळतं.

केंद्रप्रमुखांना आणि वरच्या कार्यालयाला जो नमुना लागतो तो भरावाच लागेल. पण वर्गाची वही आणि वर जाणारा तक्ता वेगळे ठेवा. तक्त्यावर शाबासकी किंवा नोटीस अवलंबून असली की त्यातले आकडे हळूहळू गोंडस होतात, हे शिक्षण खात्यात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. मुख्याध्यापकांनी इथे एक करावं: खाली राहिलेला आकडा दाखवणाऱ्या शिक्षकाला बैठकीत उभं करू नये. पुढच्या वेळी तो आकडा खाली दिसणार नाही, मूल मात्र तिथेच असेल.

## पायरी १०: एप्रिलची मोजणी आणि हस्तांतर

चौथा संच एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, संकलित चाचणीच्या धामधुमीआधी. त्याच पानावर जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, एप्रिल असे चारही रकाने शेजारी आले की कोणत्या मुलाने किती पायऱ्या चढल्या ते एका नजरेत दिसतं. ऊसतोडीहून उशिरा परतलेल्या मुलांची मोजणी ती आल्यावर, मे उजाडला तरी चालेल.

वही चौथीच्या शिक्षकांकडे द्या. बदली झाली असेल तर मुख्याध्यापकांकडे, सही घेऊन. सोबत एक पान जोडा: कोणत्या गटाला काय लागू पडलं, काय करून पाहिलं आणि सोडून दिलं.

नव्या शिक्षकांनी एप्रिलचा आकडा जूनचा पायाभूत आकडा म्हणून उतरवून घेऊ नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या घरी पुस्तक नाही तिथली मुलं, विशेषतः नुकतीच परिच्छेदावर आलेली, एखादी पायरी खाली येतात. शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे उजळणी, मग नवा संच आणि पुन्हा पायरी २.